मिनेसोटातले मूस का घटले, आणि लोक त्यासाठी काय करत आहेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे मूस. आपल्याकडचा सांबर नर अडीचशे-तीनशे किलोंचा असतो. अमेरिकेच्या उत्तरेतल्या मिनेसोटा राज्यातला पूर्ण वाढलेला नर मूस साडेचारशे किलोंच्या आसपास भरतो आणि त्याचा खांदा उंच माणसाच्या डोक्याला लागतो. मराठीत ‘मूस’ म्हणजे धातू ओतायचा साचा, पण या प्राण्याचे नाव आले आहे उत्तर अमेरिकेतल्या अल्गाँक्वियन भाषांतून. इथल्या मूळ रहिवाशांच्या ओजिब्वे भाषेत त्याला आजही ‘मूझ’ म्हणतात. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातली मराठी कुटुंबे सुट्टीत डुलुथच्या पुढे सुपिरियर सरोवराच्या काठाने वर जातात. त्यांच्याकडून आणि इतर वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

मिनेसोटात मूस नेमके किती उरलेत?

राज्यात मुसांचे दोन कळप-प्रदेश होते. वायव्येकडच्या सपाट भागात १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे ४,००० मूस होते. पुढच्या वीस-बावीस वर्षांत ते शंभराच्याही खाली गेले आणि तिथून ते जवळपास संपलेच. ईशान्येकडे, म्हणजे सुपिरियर सरोवर आणि कॅनडाची सीमा यांच्यामधल्या जंगलात, २००६ च्या हवाई पाहणीत अंदाज निघाला ८,८४० चा. २०१३ मध्ये तो २,७६० वर आला. त्याच वर्षी राज्याने मुसाची शिकार बंद केली आणि मुसाला ‘विशेष चिंतेची प्रजाती’ ठरवले. त्यानंतर आकडा साधारण तीन ते पावणेपाच हजारांच्या पट्ट्यात हलतो आहे. २०२५ चा अंदाज ४,०४० आहे. म्हणजे घसरण थांबली, पण भर झालेली नाही.

२०२२ मध्ये ४,७०० आणि २०२३ मध्ये ३,२९०. एका वर्षात चौदाशे मूस मेले का?

नाही. हे दोन्ही अंदाज आहेत, डोकी मोजून काढलेली संख्या नव्हे. ईशान्येचा प्रदेश चारशेहून अधिक आयताकृती तुकड्यांत विभागला आहे, प्रत्येक तुकडा साधारण ३५ चौरस किलोमीटरचा. दर जानेवारीत त्यातले पन्नासएक तुकडे निवडून हेलिकॉप्टर कमी उंचीवरून रांगेने फिरवतात. राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते, फाँ दु लाक येथील ओजिब्वे समाज आणि १८५४ ट्रीटी अथॉरिटी (तहातले हक्क सांभाळणारी ओजिब्वे समाजांची संस्था) ही पाहणी मिळून करतात. जमिनीवर पुरेसा बर्फ असावा लागतो, कारण पांढऱ्यावर काळपट अंग दिसते. तरीही दाट स्प्रूस झाडांखाली बसलेला मूस नजरेतून सुटतो. म्हणून दिसलेल्या प्रत्येक मुसाभोवती झाडोऱ्याने किती आडोसा आहे हे नोंदवतात आणि त्यावरून न दिसलेल्यांचा हिशोब करतात.

त्यामुळे खरी संख्या प्रत्येक आकड्याच्या बरीच खाली-वर असू शकते आणि एका वर्षाच्या उडीवरून काहीही ठरवता येत नाही. पाच-सात वर्षांचा कल पाहावा. त्याच पाहणीत मिळणारे पाडसांचे प्रमाण, म्हणजे शंभर माद्यांमागे किती पाडसे, हे एकूण आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पुढच्या वर्षांची चाहूल त्यातच लागते.

मूस कशाने मरतात?

हे कळायला खूप कष्ट पडले. २०१३ पासून राज्याने मोठ्या मुसांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले. पट्टा सहा तास हलला नाही की संदेश येई आणि पथक २४ तासांत मृत जनावरापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करी. त्याहून उशीर झाला तर लांडगे, अस्वले आणि कुजणे यांमुळे मेंदू आणि आतडी तपासण्याजोगी राहत नाहीत, आणि मग ‘लांडग्याने मारले’ की ‘मेलेले लांडग्याने खाल्ले’ हे सांगता येत नाही.

निष्कर्ष असा निघाला की मोठ्या मुसांच्या साधारण दोन-तृतीयांश मृत्यूंचे मूळ आजारात आहे : मेंदूतला जंत, हिवाळी गोचिडी, यकृतातला चपटा कृमी, जखमा चिघळून होणारा जंतुसंसर्ग. उरलेल्यांत लांडग्यांचा वाटा मोठा आहे, पण लांडग्यांनी मारलेल्यांपैकी बरेच मूस आधीच आजारी किंवा अधू होते. पाडसांचे चित्र वेगळे आहे. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना सर्वाधिक धोका लांडगे आणि काळ्या अस्वलांचा असतो.

या अभ्यासाची किंमतही मोजावी लागली. पट्टा बांधलेल्या काही नवजात पाडसांना आयांनी टाकून दिले. २०१५ मध्ये गव्हर्नर मार्क डेटन यांनी राज्याकडून नवे पट्टे बांधणे थांबवले. ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे समाजाने मात्र २०१० मध्ये आपल्या भूमीवर सुरू केलेला स्वतःचा अभ्यास चालू ठेवला, आणि तो नसता तर पुढची बरीच माहिती हाती आलीच नसती.

हा मेंदूतला जंत काय प्रकार आहे? त्यात हरणांचा काय संबंध?

मुसांच्या घटीचे सर्वांत मोठे कोडे इथेच सुटते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हा केसासारखा बारीक जंत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूभोवतीच्या आवरणात राहतो. हरणाला त्याचा फारसा त्रास होत नाही; हजारो वर्षांत दोघांचे जमले आहे. जंताची अंडी रक्तातून फुप्फुसांत जातात, तिथे अळ्या फुटतात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांवरच्या चिकट थरातून जमिनीवर पडतात. लेंड्यांवरून सरपटणाऱ्या गोगलगायींच्या पायात त्या शिरतात आणि उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पुढच्या अवस्थेला पोहोचतात. चरताना पानाबरोबर चिमुकली गोगलगायही मुसाच्या पोटात जाते. मुसाच्या शरीरात या अळीला ओळखीची वाट सापडत नाही. ती मज्जारज्जू आणि मेंदूच्या गाभ्यातच भटकते आणि ऊती फाडत जाते.

मग लक्षणे दिसतात. मान एका बाजूला कलते, मागचे पाय लटपटतात, जनावर एकाच जागी गोल गोल फिरते, माणसाचे भय जाते. रस्त्याच्या कडेला शांत उभा राहिलेला आणि गाडी आली तरी न हलणारा मूस ‘माणसाळलेला’ नसतो, बहुधा आजारी असतो. रानातल्या मुसावर यावर व्यवहार्य उपचार नाही.

म्हणून सगळे गणित हरणांच्या दाटीवर येते. हिवाळे सौम्य झाले, जुने जंगल तोडून कोवळी वाढ आली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जिथे हरीण क्वचित दिसे त्या उत्तरेत हरणे स्थिरावली. राज्याच्या २०११ च्या मूस आराखड्यात मूसप्रदेशात हरणांची घनता चौरस मैलाला दहाच्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट लिहिले आहे, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे चार. मूस वाचवायचे तर आधी हरणे मोजा, असे म्हणतात ते यासाठी.

हिवाळी गोचिडी माणसाला चावतात का?

लाइम रोग पसरवणारी गोचीड वेगळी. हिवाळी गोचीड माणसाला सहसा धरत नाही. अंगावर चढल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत ती एकाच जनावरावर राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्या अळ्या शेकड्यांनी एकमेकींना धरून झुडपांच्या टोकांवर वाट पाहतात. मूस घासून गेला की सगळा पुंजका अंगावर चढतो. एका मुसावर तीस-चाळीस हजार गोचिडी ही नेहमीची गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण वाढलेल्या माद्या रक्त पिऊन फुगतात. नेमका तेव्हाच मूस हिवाळ्याने खंगलेला असतो आणि दहा-अकरा महिन्यांचे पाडूस रक्त कमी पडून मरते. खाज सुटून मूस अंग झाडांवर घासतो, केस झडतात, खालचा पांढुरका भाग उघडा पडतो. अशा जनावराला तिकडे ‘भूत-मूस’ म्हणतात.

हवामानाचा संबंध इथे अगदी थेट आहे. बर्फ उशिरा पडला तर अळ्यांना झुडपांवर वाट पाहायला जास्त दिवस मिळतात. एप्रिलमध्ये जमीन बर्फाखाली असेल तर गळून पडलेल्या माद्या गारठून मरतात. उघडी असेल तर प्रत्येक मादी हजारो अंडी घालते.

थंड प्रदेशातल्या प्राण्याला उन्हाचा त्रास किती?

उन्हाळ्यात १४ अंश सेल्सिअसच्या वर आणि हिवाळ्यात उणे ५ च्या वर तापमान गेले की मुसाचा श्वास वाढू लागतो. पुणेकराला १४ अंश म्हणजे शाल काढायची थंडी, मुसाला तो उकाडा. जाड पोकळ केस आणि प्रचंड देह यांमुळे उष्णता बाहेर पडत नाही. मग तो चरणे सोडून पाण्यात किंवा दाट सूचिपर्णी झाडांच्या ओल्या सावलीत थांबतो, आणि हिवाळ्यासाठी चरबी साठवायची राहून जाते.

लांडगे कमी केले तर प्रश्न सुटेल का?

हा प्रश्न सर्वांत तावातावाने विचारला जातो. कायद्याचे आधी पाहू : फेब्रुवारी २०२२ च्या न्यायालयीन निकालानंतर मिनेसोटातला लांडगा पुन्हा केंद्रीय संरक्षणाखाली आहे, त्यामुळे राज्य शिकार उघडू शकत नाही. आणि जैविक बाजू अशी की लांडग्याचे मुख्य अन्न हरीण आहे. हरणे वाढली की लांडगेही वाढतात आणि मग मुसाची पाडसेही खातात. हरणे तशीच ठेवून फक्त लांडगे कमी केले तर काही पाडसे जरूर वाचतील, पण जंत वाढवणारी हरणेही वाचतील. आमच्या मते सुरुवात हरणांपासून व्हायला हवी.

ओजिब्वे समाज मूस वाचवतात असे म्हणता, मग ते शिकार का करतात?

१८५४ च्या तहाने ओजिब्वे लोकांनी ईशान्य मिनेसोटातली भूमी अमेरिकेच्या सरकारला दिली, पण तिच्यावर शिकार, मासेमारी आणि रानातले गोळा करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. मूस हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. मांस, कातडे, हाडे, सगळे वापरले जाते आणि वाटले जाते. घट दिसल्यावर त्यांनीही शिकार थांबवली. २०१६ पासून ती अगदी थोड्या संख्येत आणि फक्त नरांपुरती पुन्हा सुरू झाली. मुसात एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे मोजके नर काढल्याने पुढच्या वसंतातल्या पाडसांच्या संख्येला धक्का लागत नाही. मादी मारली तर मात्र प्रत्येक मादीगणिक पुढच्या अनेक वर्षांची पाडसे जातात.

पाहणीचा खर्च, जंतावरचे संशोधन, हरणे आणि मूस वर्षात कुठे-केव्हा एकाच जागी येतात याचा शोध, या सगळ्यांत हे समाज राज्याच्या बरोबरीने उभे आहेत. ज्यांच्या ताटात मूस आहे तीच माणसे त्याची सर्वाधिक काळजी घेतात.

झाडे तोडून मूस कसे वाचतात?

मुसाला एकाच परिसरात दोन गोष्टी लागतात : तोंडाला येईल इतकी कोवळी वाढ आणि जवळच दाट सावली. हिवाळ्यात तो वाळुंज, बर्च, अ‍ॅस्पेन, हेझल, बाल्सम फर यांच्या काड्या खातो, दिवसाला पंधरा-वीस किलो. काडी साधारण तीन मीटरच्या वर गेली की ती त्याच्यासाठी नसल्यासारखीच. पूर्वी हे काम वणवे करत. २००७ चा हॅम लेक वणवा (दोन्ही देश मिळून सुमारे ७५,००० एकर) आणि २०११ चा पगामी क्रीक वणवा (सुमारे ९३,००० एकर) यांनंतर जळालेल्या भागात काही वर्षांनी अशी कोवळी वाढ आली आणि ती मुसांच्या कामी आली.

२०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या मिनेसोटा मूस हॅबिटॅट कोलॅबोरेटिव्ह या गटाचे काम नेमके हेच आहे : वाढून निरुपयोगी झालेली झुडपे कापणे, नियंत्रित आग लावणे, आणि सूचिपर्णी रोपे लावणे. यात सरकारी खाती, ओजिब्वे समाज, निसर्गसंस्था आहेत आणि पुढाकार हरणांच्या शिकाऱ्यांच्या संघटनेचा आहे. हरणे वाढावीत असे वाटणाऱ्यांनी मुसासाठी घाम गाळावा, ही इथली फार मोलाची गोष्ट आहे.

उत्तरेत आमची थोडी जमीन आहे. आम्ही काय करू शकतो?

आधी जिल्ह्याच्या वनाधिकाऱ्याला जमीन दाखवा आणि आसपास हरणांचा हिवाळी मुक्काम आहे का ते विचारा. असेल तर कोवळी वाढ करू नका, ती हरणेच खातील आणि लेंड्या तिथेच साठतील.

नसेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये, जमीन गोठलेली असताना काम करा. तीन मीटरच्या वर गेलेली हेझल, वाळुंज आणि बर्चची झुडपे जमिनीपासून एक वीत ठेवून कापा. मुळे शाबूत राहिली की वसंतात प्रत्येक बुंध्यातून अनेक धुमारे फुटतात. जमीन मऊ असताना यंत्र घातले तर मुळे चिरडतात, चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात आणि फुटवा येत नाही. एप्रिल ते जुलै पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ, तेव्हा काही कापू नका. सगळे एकदम कापणे ही नेहमीची चूक आहे. एक तुकडा आज, दुसरा चार-पाच वर्षांनी, असे केले तर खाणे सतत मिळते. स्प्रूस, सीडर आणि पाइन यांचे पुंजके, विशेषतः पाणथळ जागेजवळचे, अजिबात तोडू नका. यंत्र भाड्याने आणले तर आधी धुवून घ्या, नाहीतर परकीय तणांचे बी चिखलाबरोबर येते.

रोपांच्या शेंड्याला कागद लावतात तो कशासाठी?

पाइन आणि सीडरची रोपे ही मुसाची उद्याची सावली आहेत, आणि हिवाळ्यात हरणे त्यांचे शेंडे खुडतात. शेंडा गेला की झाड वर्षभर मागे पडते. दरवर्षी गेला तर झुडूपच राहते. ऑक्टोबरमध्ये साधारण दहा बाय पंधरा सेंटिमीटरचा कागद मधोमध दुमडून शेंड्याभोवती धरा आणि दोन-तीन पिना मारा. प्रत्येक पिनेत काही सुया अडकल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्या वादळात कागद उडतो. कागदाची कड कळीच्या किंचित वर असावी. खाली राहिली तर कळी उघडी पडते, फार वर गेली तर बर्फाने कागद वाकून कोवळा शेंडाही वाकतो. पीन कोंबाच्या आरपार जाऊ देऊ नका. वसंतात कोंब कागदातून आपोआप वर येतो. झाड हरणाच्या तोंडाच्या वर, म्हणजे दीड-दोन मीटर होईपर्यंत हे दर शरदात नव्याने करावे लागते. शाळकरी मुलांनाही हे काम छान जमते, एका दिवसात एक कुटुंब काहीशे रोपे सहज करते.

केबिनजवळ हरणांना मका घातला तर मुसाचे काय बिघडते?

बरेच बिघडते. मक्याच्या ढिगाभोवती हरणे गर्दी करतात, लेंड्या एका जागी साठतात, उन्हाळ्यात तिथल्या गोगलगायींत अळ्या भरतात. शिवाय कडक हिवाळ्यात उत्तरेतून हटली असती अशी हरणे तिथेच तग धरतात. हरणाच्याही ते हिताचे नाही. हिवाळ्यात काड्या पचवण्याची सवय झालेल्या पोटात अचानक मका पडला की आम्लता वाढून हरीण मरू शकते. पक्ष्यांसाठी दाणे ठेवत असाल तर हरणाचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगा आणि खाली सांडलेले झाडून घ्या.

हायवे ६१ आणि गनफ्लिंट ट्रेलवर गाडी चालवताना काय काळजी घ्यावी?

हरणाचे डोळे दिव्यात चमकतात, मुसाचे बहुतेक वेळा चमकत नाहीत. डोके दिव्यांच्या झोताच्या वर असते आणि अंग काळपट. पाय उंच असल्याने धडकेत गाडी पायांना लागते आणि धड थेट काचेवर येते. अंधारात आणि पहाटे-संध्याकाळी वेग ताशी ७०-८० किलोमीटरच्या आत ठेवा, म्हणजे झोतात दिसल्यावर थांबता येईल. वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मूस रस्त्यावरचे मीठ चाटायला येतात. मादी दिसली तर मागे पाडूस असणार असे धरून चाला. अचानक समोर आला तर सरळ रेषेत जोरात ब्रेक लावा. वळावेच लागले आणि जागा असेल तर त्याच्या मागच्या बाजूने काढा.

पायी जाताना मूस दिसला तर?

किमान ५० मीटर दूर राहा, कुत्रा पट्ट्याने बांधलेला असू द्या. मे-जूनमध्ये पाडूस असलेली मादी आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये माजावर आलेला नर सर्वांत धोक्याचे. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले की मागे वळा. तो धावून आला तर पळा आणि जाड झाडाच्या आड व्हा. अस्वलापुढून पळू नये हा नियम मुसाला लागू नाही.

दिसलेल्या मुसाची नोंद उपयोगी पडते का?

पडते, नीट लिहिली तर. तारीख, वेळ, फोनवरचे अक्षांश-रेखांश, नर-मादी-पाडूस, पाडसांची संख्या, केस झडले आहेत का आणि कुठे, चाल कशी आहे, इतके लिहा आणि लांबून एक फोटो किंवा व्हिडिओ जोडून राज्याच्या वन्यजीव कार्यालयाला पाठवा. आजारी वाटणाऱ्या मुसाच्या बाबतीत अर्ध्या मिनिटाचा चालतानाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा उपयोगी. मेलेला मूस आढळला तर हात लावू नका आणि लगेच कळवा. तपासणीसाठी तास मोजले जातात. शिंगे किंवा मांस परवान्याशिवाय उचलणे बेकायदा आहे.

औषध फवारून किंवा बाहेरून मूस आणून प्रश्न सुटणार नाही का?

हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात गोचिडींवर फवारणी केली तर इतर किडे, पक्षी आणि पाणी यांची हानी होईल. आणि बाहेरून आणलेल्या मुसांचा अनुभव शेजारच्या मिशिगनला आहे. १९८५ आणि १९८७ मध्ये कॅनडातल्या अल्गाँक्विन उद्यानातून ५९ मूस हेलिकॉप्टरला टांगून आणि ट्रकने आणून तिथे सोडले. २००० सालापर्यंत हजार होतील अशी आशा होती, पण संख्या काहीशेंच्या पुढे गेली नाही. तिथेही हरणे आहेत, जंत आहे.

अमेरिकेच्या मेन (Maine) राज्यात मूस वाचवण्यासाठी जास्त मूस मारतात, हे खरे का?

हो, २०२१ पासून राज्याच्या वायव्येकडच्या एका विभागात तसा प्रयोग झाला. तिथे मूस दाट आहेत आणि हिवाळी गोचिडी मुसावरच पोसतात. दाटी कमी झाली तर दर जनावरामागे गोचिडीही कमी होतील, असा विचार त्यामागे आहे. मिनेसोटात हा उपाय चालणार नाही. इथे मूस आधीच विरळ आहेत आणि मुख्य शत्रू हरणांकडून येतो. एका राज्याचा उपाय उचलून दुसऱ्या राज्यात लावला की असे घोटाळे होतात.

आम्ही मिनियापोलिसमध्ये राहतो, उत्तरेत वर्षातून एकदाच जातो. आमचा काही उपयोग?

२००८ मध्ये मिनेसोटाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकर तीन-अष्टमांश टक्क्याने वाढवला. ही वाढ २०३४ पर्यंत चालेल आणि तिचा ३३ टक्के भाग वन्यजीवांच्या अधिवासासाठी जातो. मूस अधिवासाच्या कामाला बराच पैसा इथूनच मिळतो, म्हणजे करपात्र वस्तू घेताना तुम्ही तो आधीच देत आहात. तो कुठे जावा याची शिफारस लेसार्ड-सॅम्स परिषद करते. तिच्या बैठका खुल्या असतात आणि नागरिकांना लेखी मत पाठवता येते. हरणांच्या संख्येची उद्दिष्टे ठरवताना राज्य लोकांची मते मागवते, तेव्हा ‘मूसप्रदेशात हरणे कमी ठेवा’ असे लिहिणारी पत्रे फार थोडी येतात. एक परिच्छेद पुरतो : तुम्ही कुठे राहता, कोणत्या परवाना-विभागाबद्दल (शिकारीसाठी राज्याने पाडलेल्या भागाबद्दल) लिहिता आणि तिथे हरणांची संख्या किती असावी असे तुम्हाला वाटते. शरदात डुलुथच्या वर जाणार असाल तर निघण्याआधी रोपांना कागद लावण्याचा स्वयंसेवी दिवस आहे का ते पाहा. स्टेपलर आणि हातमोजे सोबत न्या. थंडीत उघड्या बोटांनी पिना नीट बसत नाहीत.